क्रूझच्या बाल्कनीतून टाइमलॅप्स: इंटरव्हल किती ठेवू?

कोथरूडची_मंजू

नमस्कार मंडळी. जूनमध्ये आईबाबांना घेऊन अलास्काच्या क्रूझवर चाललेय. व्हँकुव्हरहून निघायचं, केचिकन, जुनो, स्कॅगवे, मधे एक दिवस ग्लेशियर बे आणि परत व्हँकुव्हर. बाबांच्या गुडघ्यांमुळे सारखं वरच्या डेकवर धावणं होणार नाही, म्हणून बाल्कनीची केबिन घेतलीय. डाव्या बाजूला, जहाजाच्या साधारण मध्यावर.

तिथून टाइमलॅप्स (ठरावीक वेळानं एकेक फोटो काढून जोडलेला पळता व्हिडिओ) करायचाय. हाताशी मिररलेस कॅमेरा आहे (इंटरव्हल, म्हणजे दोन फोटोंमधला वेळ, ठरवून आपोआप फोटो काढायची सोय आतच आहे), सोबत आलेली १६-५० ची लेन्स, एक जुना गोप्रो आणि आयफोन. गच्चीवरून पावसाळी ढगांचे टाइमलॅप्स बरेच केलेत, ५ सेकंदांना एक फोटो, मस्त येतात. पण गच्ची जागची हलत नाही. यूट्यूबवर क्रूझचे म्हणून जे पाहिले त्यातले निम्मे बघताना गरगरतं.

तर इंटरव्हल किती ठेवू? कॅमेरा कशावर ठेवू, रेलिंगला क्लॅम्प लावू की ट्रायपॉड? एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी लेन्सवरची काळसर काच) लागेलच का? दुकानदार म्हणतो घ्याच, पण तो दुसरं काय म्हणणार. रात्री तारे जमतील का? आणि आई विचारतेय की ते मशीन चालू असताना तिला बाल्कनीत बसून चहा पिता येईल ना. हसू नका, आमच्याकडे हा कळीचा मुद्दा आहे.

खलाशीबुवा

आईंना सांगा, खुशाल प्या. कारण शेवटी देतो.

माझी हयात जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेली, कॅमेऱ्याचा नाद निवृत्तीनंतरचा. म्हणून आधी जहाजाकडून हिशोब मांडतो. जहाज २० नॉटनं चाललंय म्हणजे ताशी ३७ किलोमीटर, सेकंदाला साधारण १० मीटर. तुमच्या गच्चीच्या सवयीनं ५ सेकंदांना एक फोटो काढलात तर दोन फोटोंच्या मधे जहाज ५० मीटर सरकलं. किनारा २०० मीटरवर असेल तर तिथलं झाड पाचेक फोटोंत चौकटीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेला जाऊन गायब. सेकंदाला ३० फ्रेमच्या व्हिडिओत ही झाली सेकंदाच्या सहाव्या हिश्शाची गोष्ट. तुम्हाला गरगरलं ते यानं. लोक बिचाऱ्या लाटांना दोष देतात.

म्हणजे इंटरव्हल ठरतो तो चौकटीतली सगळ्यात जवळची वस्तू किती लांब आहे त्यावर. उघड्या समुद्रात, जिथं फक्त पाणी आणि ढग, तिथं तुमचे ५ सेकंद ठीक. किनारा एक-दोन किलोमीटरवर असेल तर २ सेकंद. त्याहून जवळ आला की १ सेकंद, आणि अगदी अंगावर आला तर गोप्रोला अर्ध्या सेकंदावर लावा. २ सेकंदांनी तासाभरात १८०० फोटो होतात, त्याचा एक मिनिटाचा व्हिडिओ. एका मिनिटाच्या वर घरचे लोकही बघत नाहीत.

आता खरी गोम. बाल्कनीतून सरळ समोर कॅमेरा लावला की सगळं जग आडवं पळतं. तसं लावूच नका. जहाजाच्या नाकाच्या दिशेनं तिरका धरा, आणि चौकटीच्या एका कडेला जहाजाची थोडी बाजू येऊ द्या. डोंगर लांबून हळूहळू मोठे होत येतात, आणि डोळ्याला धरून राहायला एक स्थिर वस्तू मिळते. क्षितिज डुललं तरी मग ते जहाजाचं डुलणं वाटतं, कॅमेऱ्याचं नाही.

ट्रायपॉड की क्लॅम्प? ट्रायपॉड, आणि रेलिंगला न टेकवता. वाऱ्यानं रेलिंगला बारीक थरथर सुटते, ती हाताला जाणवत नाही पण फोटोत येते. उंची रेलिंगच्या वर लेन्स येईल एवढी ठेवा, कारण खालच्या काचेतून काढलंत तर खारट पाण्याचे डाग आणि तुमचंच प्रतिबिंब मिळेल. मधला दांडा वर ओढू नका. खाली पाठपिशवी लटकवा, पण तिचं बूड फरशीला टेकू द्या, नाहीतर ती घंटेसारखी झुलत बसते. पायांखाली घडी घातलेले टॉवेल. तुमची केबिन मध्यावर आहे हे उत्तम, मागच्या टोकाला जहाज ढकलणाऱ्या पंख्यांचा हादरा जास्त बसतो. बंदरात शिरताना बाजूचे थ्रस्टर (जहाज आडवं सरकवणारे पंखे) चालू झाले की फरशी कापते, तेव्हा शूटिंग थांबवा.

गोप्रो क्लॅम्पनं लावायचाच असेल तर रेलिंगच्या आतल्या अंगाला, आणि वेगळ्या दोरीनं बांधून. रेलिंगला काही अडकवलेलं बऱ्याच कंपन्यांना चालत नाही, आधी विचारून घ्या.

फोकस, एक्स्पोजर (उजेडाचं प्रमाण), व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) तिन्ही हातानं पक्के करा. लेन्सवरचं स्टॅबिलायझेशन (हाताचा कंप सावरणारी सोय) बंद. तारे विसरा. जूनमध्ये जुनोला सूर्य पहाटे चारच्या आसपास उगवतो आणि रात्री दहाला मावळतो, मधे धड अंधारच पडत नाही.

आणि चहा. आईंना चौकटीच्या कोपऱ्यात बसवा. पळत्या डोंगरांपुढे कप तोंडाशी नेणारी एक व्यक्ती असली की बघणाऱ्याला जागेचा अंदाज येतो. खुर्ची फक्त ट्रायपॉडला लागू देऊ नका.

डोंबिवली_फास्ट_नाही

काकांचं सगळं मान्य, फक्त आयफोनबद्दल भर घालतो. त्याच्या स्वतःच्या टाइमलॅप्समध्ये इंटरव्हल आपल्या हातात नसतो. जितका वेळ चालू ठेवाल तितका तो फोटोंमधलं अंतर वाढवत जातो, म्हणजे शेवटी व्हिडिओ तीसेक सेकंदांचाच राहतो. सुरुवातीला सेकंदाला दोन, आणि तासभर चालला की चार सेकंदांना एक. काकांच्या हिशोबानं ४० मीटरची उडी! त्यामुळे फोनवर दहा-दहा मिनिटांचे छोटे तुकडे काढा, नाहीतर इंटरव्हल ठरवता येणारं वेगळं अॅप टाका.

आणि ताई, जायच्या आधी एकदा भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो (गाड्याही नेणारी बोट) पकडा. तासाभराचा प्रवास, खराखुरा हादरणारा डेक, धक्क्याजवळ उभी असलेली जहाजं जवळून आणि नंतर लांबचा किनारा, सगळं एका तिकिटात. अर्ध्या, एक, दोन आणि पाच सेकंदांचे तुकडे काढून घरी शेजारी शेजारी लावून बघा.

कोथरूडची_मंजू

काका, पाचेक फोटोंत झाड गायब हे वाचल्यावर सगळं लख्ख झालं. रो-रो तर नक्कीच. आईनं चहावरचा निकाल मोठ्यानं वाचून घेतला.

दोन राहिलेले प्रश्न. डावी बाजू घेतली ते बरं की वाईट? आणि ग्लेशियरसमोर कसं करायचं? एनडीचंही राहिलं.

खलाशीबुवा

डावी बाजू निघताना उत्तम. व्हँकुव्हरच्या कॅनडा प्लेसहून सुटलं की थोड्याच वेळात जहाज लायन्स गेट पुलाखालून जातं, आणि डाव्या हाताला स्टॅन्ले पार्कची झाडी अगदी जवळ असते. १ सेकंद लावा, कॅमेरा तिरका आणि थोडा वर. सुटायच्या आधीच चालू करा. सगळे तेव्हा वरच्या डेकवर गर्दी करतात, बाल्कन्या मोकळ्या असतात.

उत्तरेला जाताना मुख्य भूमी उजवीकडे आणि तुमच्या बाजूला व्हँकुव्हर बेट. परतताना उलट. वाटेत सीमोर नॅरोज नावाची चिंचोळी वाट लागते. तिथं पाण्याखाली रिपल रॉक नावाचा जहाजं फोडणारा खडक होता, तो एप्रिल १९५८ मध्ये खालून बोगदे खणून सुरुंगानं उडवला. आम्हा इंजिनवाल्यांना असल्या गोष्टींचं फार अप्रूप. तिथला प्रवाह भयंकर, म्हणून भरती-ओहोटीच्या मधे पाणी थबकतं तेव्हा जहाज काढतात. ती वेळ रोज बदलते, तेव्हा उजेड मिळेल की नाही ते नशीब.

ग्लेशियर बेमध्ये मार्जरी हिमनदीसमोर जहाज साधारण तासभर थांबतं आणि दोन्ही बाजूंच्या लोकांना दिसावं म्हणून जागच्या जागी सावकाश फिरतं. म्हणजे कॅमेरा न हलवता तुम्हाला आयता पॅन (आडवी फिरत जाणारी चौकट) मिळतो. भिंत दीडेक किलोमीटर रुंद, पाण्यावर साधारण ७५ मीटर उंच. २ सेकंद पुरेत. मात्र बर्फाचा कडा कोसळताना टाइमलॅप्सच्या भरवशावर राहू नका. कोसळणं चार-पाच सेकंदांचं, म्हणजे तुमच्या हाती दोन-तीन फोटो, पडद्यावर नुसतं लुकलुकल्यासारखं. ट्रायपॉडवर कॅमेरा, हातात आयफोन साध्या व्हिडिओवर, आणि आवाज येण्याआधीच चालू असलेला. कडा पडल्याचा आवाज उशिरा पोचतो, तो ऐकून फोन वळवला तर खाली फक्त लाटा उरलेल्या असतात.

एनडी घेऊ नका. त्यानं शटर लांबतं, हालचाल मऊ दिसते हे खरं, पण त्या लांब शटरमध्ये जहाजाचा हादराही येऊन बसतो. जमिनीवर वापरा.

पांढरा_तोल

एनडीबाबत काकांशी थोडा मतभेद. ग्लेशियरसमोर जहाज थांबलेलं असताना एनडी लावून पाव सेकंदाचं शटर छान दिसतं, पाण्याची हालचाल मऊ येते. पण फक्त तेवढ्यासाठी विकत घेऊ नका, कुणाकडून उसना मिळाला तर न्या.

दुसरं, बाहेर गारठलेला कॅमेरा उबदार केबिनमध्ये तसाच आणला की लेन्सवर वाफ धरते. बाहेरच झिपच्या पिशवीत बंद करा आणि आत आणून अर्धा-पाऊण तास उघडू नका. कार्डही आधीच काढून घ्या, नाहीतर फोटो बघायच्या घाईत पिशवी उघडलीच जाते. फोटो पूर्ण आकाराचे जेपेग ठेवा. ते ४के पेक्षा बरेच मोठे असतात, त्यामुळे डुलणं सॉफ्टवेअरनं सरळ करताना कडा कापल्या तरी भागतं. डाविंची रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीत स्टॅबिलायझर आहे, तो पुरतो.

कोथरूडची_मंजू

एनडी रद्द, झिपच्या पिशव्या यादीत. क्लॅम्पच्या परवानगीसाठी कंपनीला मेल टाकलाय, उत्तर आलं की इथेच लिहिते. काका, रो-रोचे चार तुकडे टाकले तर बघाल का?