सर्व्हिसिंगच्या आठवड्यात मिळालेली छोटी गाडी आणि घरची स्कॉर्पिओ: तुलना कशी करावी?

इंदिरानगरकर (प्रश्न)

नमस्कार. आमच्याकडे 2015 सालची स्कॉर्पिओ आहे. आपल्या नाशिकच्याच कारखान्यात तयार झालेली ही गाडी आजवर 1,48,000 किलोमीटर चालली असून तिने आम्हाला कधीही वाटेत अडकवलेले नाही. घरात आम्ही सहा माणसे आहोत: आई, वडील, आम्ही दोघे आणि शाळेत जाणारी दोन मुले. गेल्या सोमवारी क्लच, पुढच्या चाकांकडचे बुश (सांध्यांमधले धक्के शोषणारे रबरी तुकडे) आणि नेहमीचे सर्व्हिसिंग अशा कामांसाठी गाडी सोडली. काम पाच दिवसांचे असल्याने तेवढ्या काळासाठी सर्व्हिस सेंटरने आम्हाला जेमतेम 8,000 किलोमीटर चाललेली पेट्रोल बलेनो वापरायला दिली. या पाच दिवसांनी घरात जी चर्चा सुरू झाली आहे, तिच्यासाठी मला अनुभवी लोकांचे मत हवे आहे.

पहिल्याच दिवशी रविवार कारंजावरून मेन रोडकडे जाताना मला जाणवले की, ज्या गल्लीत मी स्कॉर्पिओ नेण्याचे टाळतो, तिथे ही गाडी सहज वळते आणि मिळेल त्या जागेत उभी राहते. माझ्या पत्नीने क्लच जड लागतो म्हणून दोन वर्षांपूर्वी स्कॉर्पिओ चालवणे सोडून दिले होते. ती या आठवड्यात रोज मुलांना शाळेत सोडून आली. आईचे मात्र दोन्हीकडून अडले. स्कॉर्पिओत चढताना ती एका हाताने साडीच्या निऱ्या सावरते, दुसऱ्या हाताने दाराजवळची मूठ धरते आणि पायदानावर पाऊल ठेवल्यावर कोणीतरी तिच्या कोपराला आधार द्यावा लागतो. बलेनोत ती कोणाच्याही मदतीशिवाय बसली, पण उतरताना गुडघ्यांवर इतका जोर आला की, मला तिला दोन्ही हातांनी धरून उठवावे लागले.

गुरुवारी आम्ही सप्तशृंगी गडावर गेलो. सहावी जागा नसल्यामुळे वडील घरी थांबले आणि मला त्याचे वाईट वाटले. नांदुरीच्या पुढे घाट सुरू झाल्यावर, पाच माणसे आणि एसी चालू अशा स्थितीत, दोन वळणांवर मला पहिल्या गिअरवर यावे लागले. त्याच चढावर आमची डिझेल गाडी दुसऱ्या गिअरमध्ये कुरकुर न करता चढते.

स्कॉर्पिओ विकून छोटी गाडी घ्यावी, असे पत्नीचे आणि मुलांचे म्हणणे आहे. वडिलांना ते मुळीच मान्य नाही. पाच दिवसांच्या या अनुभवावरून निर्णय घेणे योग्य आहे का, आणि तुलना करायचीच तर नेमकी कशाची करावी?

जुना मेकॅनिक, अंबड

मी बावीस वर्षे अंबडच्या वर्कशॉपमध्ये काम केले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. तुम्ही दोन गाड्यांची तुलना करत आहात असे तुम्हाला वाटते. प्रत्यक्षात तुम्ही 8,000 किलोमीटर चाललेल्या गाडीची तुलना 1,48,000 किलोमीटर चाललेल्या गाडीशी करत आहात. यातला गाडीच्या जातीचा फरक किती आणि वयाचा किती, हे वेगळे काढल्याशिवाय निष्कर्षाला अर्थ नाही.

क्लचचेच पाहा. क्लच प्लेट झिजत जाते तसा तिला दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगचा कोन बदलतो आणि पेडल जड होत जाते. हे इतके हळूहळू होते की, रोज चालवणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. अधूनमधून चालवणाऱ्याला मात्र ते लगेच कळते. तुमच्या पत्नीला कळले, कारण त्यांचा पाय खरे सांगत होता. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग हा पूर्ण संच नवा बसला की, पेडल कितीतरी हलके होईल. तेव्हा गाडी परत आल्यावर आधी पत्नीला चालवू द्या आणि मगच मत बनवा.

बुशचेही तसेच आहे. रबर कडक होऊन तडकले की, प्रत्येक खड्ड्याचा दणका थेट सांगाड्यात उतरतो आणि स्टिअरिंग मध्यभागी सैल वाटू लागते. टायरही तपासा. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. 2319 असे असेल तर तो टायर 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला आहे. नक्षी शिल्लक दिसली तरी सहा वर्षांपुढे रबर कडक होते, ओल्या रस्त्यावर पकड कमी होते आणि आवाज वाढतो. बलेनो शांत वाटली, यात तिच्या नव्या टायरांचा वाटा नक्कीच आहे.

आता दुरुस्तीने न जाणारा फरक. तुमच्या गाडीचा सांगाडा शिडीसारख्या चौकटीवर उभा आहे, ताकद मागच्या चाकांना जाते, उंची दोन मीटरला टेकते आणि वजन बलेनोच्या जवळजवळ दुप्पट आहे. म्हणून ती वळणावर झुकणारच आणि गल्लीत जड वाटणारच. त्यावर कोणत्याही वर्कशॉपमध्ये इलाज नाही. स्टिअरिंगही तुमच्याकडे हायड्रॉलिक आहे आणि बलेनोत विजेवर चालणारे, त्यामुळे गाडी लावताना हाताला जाणवणारा हलकेपणा हा खरा फरक आहे.

घाटाचे कारण साधे आहे. बलेनोचे 1197 सीसीचे इंजिन 113 न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे चाके फिरवणारा जोर, देते. तुमच्या 2179 सीसीच्या एम-हॉक डिझेल इंजिनाचा टॉर्क 280 आहे आणि तोही इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर मिळतो. शिवाय बलेनोसारख्या टर्बो (इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा) नसलेल्या इंजिनाची ताकद दर 1,000 मीटर उंचीमागे सुमारे दहा टक्क्यांनी घटते. तुमच्यासारख्या टर्बो असलेल्या इंजिनाला ही घट फारशी जाणवत नाही. पहिल्या गिअरवर यावे लागले म्हणजे गाडी वाईट, असे मुळीच नाही. तिला फेऱ्या जास्त ठेवून चालवावे लागते आणि डिझेलची सवय असलेला माणूस गिअर उशिरा उतरवतो. उतारावर मात्र दोन्ही गाड्या दुसऱ्या गिअरमध्येच उतरवाव्यात आणि ब्रेक तापू देऊ नयेत.

गंगापूर रोडची रहिवासी

माझ्या सासूबाईंच्या गुडघ्यांमुळे आम्ही याच प्रश्नातून गेलो, म्हणून फक्त तेवढ्याबद्दल लिहिते. गाडी उंच की बुटकी, असा विचार न करता घरात मोजपट्टी काढा. आई कोणाचाही हात न धरता ज्या पलंगावरून किंवा खुर्चीवरून उठतात, त्याची जमिनीपासूनची उंची मोजा. मग दोन्ही गाड्यांच्या सीटची उंची जमिनीपासून मोजा, आणि मोजताना सीट हाताने दाबून धरा, कारण बसल्यावर ती खाली जाते. आम्ही चार शोरूममध्ये पट्टी घेऊन गेलो होतो आणि विक्रेत्यांनी सांगितलेल्या कोणत्याही गोष्टीपेक्षा त्या एका आकड्याचा आम्हाला अधिक उपयोग झाला.

दाराची रुंदीही पाहा. बुटक्या गाडीत डोके वाकवून आत जावे लागते आणि ज्यांची मान दुखते त्यांना गुडघ्यापेक्षा त्याचाच त्रास होतो. सीटवर आधी पाठमोरे बसायचे आणि मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यायचे, ही सवय लागली की, कोणत्याही गाडीत निम्मा त्रास वाचतो. निसरडे सीटकव्हर असेल तर तसे वळणे आणखी सोपे जाते.

सहा माणसांच्या घरात पाच आसनांची गाडी ही एकमेव गाडी असावी, असे मला वाटत नाही. आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) आसनक्षमता पाच असताना मुलाला मांडीवर घेऊन सहावा माणूस नेणे हे दंडाच्या भीतीने नव्हे, तर त्या मुलाला पट्टा नसतो म्हणून टाळायला हवे. दर वेळी वडिलांनीच घरी थांबायचे, हे तर त्याहून मनाला लागते.

पाथर्डी फाटा

मूळ प्रश्नाचे उत्तर वर आले आहे, पण अशी बदली गाडी घेताना काय पाहावे हे कोणी लिहिले नाही आणि मला ते अनुभवाने शिकावे लागले. दोन वर्षांपूर्वी एका सर्व्हिस सेंटरने (नाव लिहीत नाही) मला अशीच गाडी दिली होती आणि परत करताना चाकाच्या रिमवरचा जुना ओरखडा माझ्या नावावर लावला. माझ्याकडे फोटो नसल्यामुळे वाद घालता आला नाही. तेव्हापासून मी किल्ली हातात घेण्यापूर्वी गाडीभोवती एक फेरी मारून सलग व्हिडिओ काढतो, शेवटी किलोमीटरचा आकडा आणि इंधनाचा काटा टिपतो आणि तो तिथल्याच माणसाला लगेच पाठवतो.

लाल पाटीवर पांढरी अक्षरे असलेली गाडी दिली, तर घेऊ नका. ती विक्रेत्याच्या ट्रेड सर्टिफिकेटवरची (विक्रेत्याला नोंदणी न झालेल्या गाड्यांसाठी मिळणाऱ्या प्रमाणपत्रावरची) गाडी असते आणि ग्राहकाने पाच दिवस वापरावी यासाठी ते प्रमाणपत्र नसते. विम्याची प्रत मागा आणि अपघात झाल्यास किती रक्कम आपल्याकडून घेतली जाईल, हे लेखी घ्या. तुमच्या स्वतःच्या गाडीची झिरो डेप (घसारा न कापता भरपाई देणारी) पॉलिसी या गाडीला लागू होत नाही; पुष्कळांचा तसा समज असतो.

फास्टॅगही गाडीशी बांधलेला असतो. घोटी किंवा शिंदे टोलनाक्यावरून जायचे असेल, तर त्या गाडीच्या टॅगमध्ये पैसे आहेत का, हे आधी विचारा. आपला टॅग काढून तिच्या काचेला लावू नका.

आणि सर्वांत महत्त्वाचे, डिझेल गाडीवाल्यांनी पेट्रोल पंपावर जिभेवर ताबा ठेवावा. वर्षानुवर्षे "दोन हजारांचे डिझेल" म्हणण्याची सवय असते. डिझेलचे नोझल जाड असल्याने पेट्रोल गाडीच्या तोंडात ते सहसा जात नाही, हे नशीब. पण भरले गेलेच, तर गाडी चालू करू नये, ढकलून बाजूला घ्यावी आणि टाकी रिकामी करवून घ्यावी.

निफाडचा बागायतदार

पैशांचा हिशेब मांडतो, कारण आमच्या घरी तोच वाद झाला होता. माझ्याकडेही तेच इंजिन आहे आणि ते शहर-महामार्ग मिळून लिटरला 11 किलोमीटर देते. भाच्याची बलेनो 16 देते. महिन्याला 800 किलोमीटर धरा, डिझेल 91 आणि पेट्रोल 104 रुपये धरा. डिझेल गाडीला सुमारे 6,600 रुपये लागतात आणि पेट्रोलला 5,200. म्हणजे महिन्याला 1,400 आणि वर्षाला जवळपास 17,000 रुपयांची बचत. जुनी गाडी विकून वर आणखी साडेतीन लाख घालावे लागले, तर ती रक्कम इंधनातून वसूल व्हायला वीस वर्षे लागतील. देखभालीत थोडे वाचेल हे खरे, पण घरचे सर्व जण लग्नाला निघाले की, सात आसनांची गाडी भाड्याने आणावी लागेल, तो खर्चही धरा.

तुमच्या गाडीची नोंदणी 2030 मध्ये पंधरा वर्षांची होईल. त्यानंतर तपासणी करून पाच वर्षांसाठी नूतनीकरण करता येते, मात्र पर्यावरण कर भरावा लागतो. क्लचवर आत्ताच खर्च केला आहे, तर त्याचा उपयोग स्वतः करून घ्या. क्लच नवा आहे म्हणून विकत घेणारा माणूस तुम्हाला एक रुपयाही जास्त देणार नाही.

इंदिरानगरकर

सर्वांचे मनापासून आभार. गाडी परत येऊन दहा दिवस झाले, म्हणून काय घडले ते कळवतो.

क्लचचा पूर्ण संच बदलला. अंबडच्या काकांनी सांगितल्याप्रमाणे किल्ली थेट पत्नीच्या हाती दिली आणि मी शेजारी बसलो. मुंबई नाक्याच्या सिग्नलला तिने तीनदा गाडी थांबवून उचलली आणि म्हणाली, "ही आपलीच गाडी आहे ना?" तेव्हापासून शाळेची एक फेरी तिने पुन्हा सुरू केली आहे. मेन रोडला मात्र ती ही गाडी नेणार नाही असे तिने स्पष्ट सांगितले आहे आणि ते मला पटते, कारण तो फरक वयाचा नाही.

टायरवरचे आकडे पाहिले. पुढचे दोन 2021 चे निघाले, मागचे दोन 1718, म्हणजे 2018 च्या एप्रिलमधले. मागचे दोन्ही या शनिवारी बदलत आहोत. ताकद मागच्या चाकांना जाते हे वाचल्यापासून पावसाळ्यातला कसारा घाट डोळ्यांसमोर येत होता.

मोजपट्टीही लावली. आई ज्या पलंगावरून सहज उठते तो 60 सेंटीमीटर उंच आहे. दाबलेल्या अवस्थेत आमच्या गाडीची मधली सीट 81 भरली. बलेनो परत करण्यापूर्वी मोजायचे सुचले नव्हते, म्हणून शेजाऱ्यांची त्याच मॉडेलची गाडी मोजली. ती 52 भरली. म्हणजे आईसाठी दोन्ही गाड्या चुकीच्या आहेत आणि छोटी गाडी घेतली असती, तर तिच्या नावाने घेऊन तिलाच त्रास दिला असता. तूर्त आम्ही सुताराकडून 20 सेंटीमीटर उंचीचा, खाली रबर लावलेला लाकडी पाट करून घेतला आहे. तो मागे डिकीत राहतो, मोठा मुलगा दार उघडण्यापूर्वी तो खाली ठेवतो, आणि काल त्यावरून पायदानावर चढताना आईने माझा हात धरला नाही.

गाडी 2030 पर्यंत ठेवायची, असे घरात ठरले आहे. पुढच्या मंगळवारी वडिलांना घेऊन सहाही जण पुन्हा गडावर जाणार आहोत.