पँथर मॉडेल १०० गरम झाली की स्टार्टच होत नाही, मॅग्नेटोच्या जाणकारांची मदत हवी आहे

यॉर्कशायरचा पाव्हणा:

नमस्कार मंडळी, मी मूळचा कोल्हापूरचा, सध्या लीड्सला असतो. माझ्याकडे पँथर मॉडेल १०० मोटरसायकल आहे, १९५० च्या दशकातली, सहाशे सीसीच्या आसपास, सिलिंडर एकच. थंड असताना शहाण्या मुलीसारखी सुरू होते आणि मग कितीही पळवा, चढावर पण काही तक्रार नाही, पण एकदा गरम झाल्यावर बंद केली की पाऊण तास तरी हात जोडून बसावं लागतं, त्याआधी कितीही किका मारा, फुर्र सुद्धा नाही.

ज्यांनी नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी थोडं. बीएसए, नॉर्टन, ट्रायम्फ सगळ्यांना माहीत असतात, पँथर म्हटलं की इथल्या पोरांनाही गूगल करावं लागतं. फेलन अँड मूर ही १९०४ ची कंपनी, गाव क्लेकहीटन, माझ्या घरापासून जवळच. बाकी बहुतेक ब्रिटिश मोटरसायकलवाले बर्मिंगहॅम, कॉव्हेंट्रीकडे आणि हे लोक इकडे लोकरीच्या गिरण्यांच्या पट्ट्यात बसून आपलंच वेगळं काहीतरी करत होते. फ्रेमला पुढची खाली येणारी नळीच नाही, तिच्या जागी अख्खं इंजिन तिरकं टाकलंय, इंजिन काढलं की फ्रेम अर्धवट दिसते. तेलाची वेगळी टाकी नाही, तेल क्रँककेसच्याच पोटात. सिलिंडर एक पण सायलेन्सर दोन. मॉडेल १०० आली १९३२ ला, आणि तिचं खरं काम साईडकारला बायकोपोरं बसवून ओढायचं. १९५९ मध्ये ६४५ सीसीची मॉडेल १२० काढली पण त्याच वर्षी मिनी कार आली, साईडकारचं गिऱ्हाईक तिकडे वळलं आणि साठच्या दशकात कारखाना संपला. आयडलिंग इतकं सावकाश की इथले म्हातारे म्हणतात, दिव्याच्या खांबागणिक एक ठोका.

आता तुम्ही म्हणाल गरम गाडी बंद करूच नकोस. पण राव, ही गाडी चालवायची मजाच थांबण्यात आहे! रविवारी ए ६५ ने स्किप्टन, सेटल करत कर्बी लॉन्सडेलच्या डेव्हिल्स ब्रिजला जायचं, तिथे शेकड्याने बाईकवाले जमतात, लाखाच्या जपानी गाड्या उभ्या असतात आणि माणसं येऊन उभी राहतात पँथरपाशी. एखादे आजोबा येतात, टाकीवर हात फिरवतात आणि सांगायला लागतात की वडलांकडे हीच होती आणि आम्ही साईडकारमध्ये बसून स्कारबराला समुद्रावर जायचो. चहा होतो, गप्पा होतात, मग निघायच्या वेळी तेच आजोबा बघत असतात आणि मी किका मारत असतो. फार वाईट दिसतं ते.

इंजिन पूर्ण उघडून झालंय. नवा पिस्टन, नवे व्हॉल्व्ह गाईड, कार्ब्युरेटर नवा, अमल कंपनीचा. व्हिटवर्थ (जुन्या ब्रिटिश मापाचे) पाने, सायकल थ्रेडचे नटबोल्ट हे सगळं शिकलो, फार मजा आली, त्यावर वेगळा धागा काढेन. मॅगडायनो (ठिणगी देणारा मॅग्नेटो आणि दिव्यांसाठी वीज बनवणारा डायनॅमो एकत्र) मात्र फक्त साफ करून लावलाय, आत हात घातलेला नाही. प्लग बदलला, काही फरक नाही. हाफ कॉम्प्रेशनचा लिव्हर (किक हलकी करणारा) नीट काम करतो, इग्निशन थोडं रिटार्ड करूनच, म्हणजे ठिणगी जरा उशिरा पडेल असं ठेवूनच किक मारतो.

प्रश्न असा की हे पेट्रोलचं दुखणं आहे की करंटचं? आणि करंटचं असेल तर रिवाइंडिंग (मॅग्नेटोच्या आतली तार नव्याने गुंडाळणं) करावं की सरळ इलेक्ट्रॉनिक इग्निशन टाकून मोकळं व्हावं?

डिस्पोजलची गाडी:

पुण्यातून लिहितोय, माझ्याकडे बीएसए एम २० आहे, महायुद्धानंतर मिलिटरी डिस्पोजलमध्ये आलेली. तुमचं वर्णन वाचून हसू आलं कारण हेच सगळं भोगलंय. ९० टक्के कंडेन्सर (ठिणगी जोरदार पडायला मदत करणारा छोटा भाग) गेलाय. या जुन्या मॅग्नेटोत तो आर्मेचरच्या, म्हणजे तार गुंडाळलेल्या फिरत्या भागाच्या आत बसवलेला असतो आणि त्याच्याबरोबर फिरतो, म्हातारा झाला की थंड असताना चालतो आणि तापला की लीक व्हायला लागतो. मग ठिणगी कमजोर. पळताना कळत नाही कारण आर्मेचर जोरात फिरतंय, व्होल्टेज भरपूर, पण किकच्या स्पीडला तेवढं मिळत नाही.

टॅपेट:

एवढी घाई नको. तिकडे २०२१ पासून साध्या पंपावर ई १० (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉलवालं) मिळतं ना? इथेनॉलवालं पेट्रोल तापलेल्या कार्ब्युरेटरमध्ये लवकर उकळतं. शिवाय गरम इंजिनला टिकलर (कार्ब्युरेटरमध्ये जास्तीचं पेट्रोल सोडणारं बटण) दाबला की फ्लड होणारच. पुढच्या वेळी बंद पडली की लगेच प्लग काढून बघा, ओला आहे की कोरडा. आणि टॅपेट (व्हॉल्व्ह ढकलणारे भाग) गरम झाल्यावर टाईट होत नाहीत ना तेही बघा.

यॉर्कशायरचा पाव्हणा:

टॅपेट बघितलेत, ठीक आहेत. पेट्रोल ई ५ वालं महागडं भरतो. प्लग ओला येतो पण इतक्या किका मारल्यावर तो येणारच ना.

वाइंडिंगवाला:

दोघांचं भांडण एका टेस्टमध्ये मिटेल. सकाळी गाडी पूर्ण थंड असताना घरातला हेअर ड्रायर घ्या आणि फक्त मॅग्नेटोची बॉडी चांगली हाताला चटका बसेपर्यंत तापवा, कार्ब्युरेटरकडे हवा जाऊ देऊ नका. मग किक मारा. सुरू झाली तर टॅपेटभाऊ बरोबर, नाही झाली तर पेट्रोलचा संबंधच नाही.

त्याआधी फुकटातल्या गोष्टी करा. पॉइंटची (उघडले की ठिणगी पाडणारे संपर्क) गॅप १२ थाऊ, थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. प्लगची गॅप १८ ते २० थाऊ, आजच्या गाड्यांसारखी मोठी ठेवू नका. पिकअप (प्लगच्या वायरला करंट देणारा तुकडा) काढून त्या भोकातून पेन्सिलीला कापड गुंडाळून स्लिप रिंगवर, म्हणजे आर्मेचरबरोबर फिरणाऱ्या कड्यावर धरा आणि इंजिन हळू फिरवा, केवढा काळा कार्बन निघतो बघा.

कंडेन्सरच निघाला तर पॉइंटच्या मागे बसणारे छोटे आधुनिक कंडेन्सर मिळतात, पण जुना लीक असेल तर तो सर्किटमधून बाहेर पडलाच पाहिजे, नवा नुसता जोडीला लावून काही होत नाही. आणि जुन्या वाइंडिंगचं शेलॅक (लाखेचं आवरण) उष्णतेने पाघळून चिकट होतं, आर्मेचर आतल्या आत घासायला लागतं, तसं दिसलं तर रिवाइंडिंगच. आर्मेचर बाहेर काढलं की चुंबक कमजोर होतं, परत मॅग्नेटाईझ करून देणाऱ्याकडेच काम द्या.

इलेक्ट्रॉनिक टाकू नका हो. बॅटरी झोपली तरी मॅग्नेटोवर घरी येता येतं.

टॅपेट:

बॅटरी झोपायला ती आधी किती किलोमीटर चालते ते बघायला पाहिजे, पण जाऊ दे, टेस्ट पटली.

यॉर्कशायरचा पाव्हणा:

शनिवारी करतो. बायकोचा हेअर ड्रायर आहे, तिला सांगूनच घेईन. फक्त एक सांगा, मॅगडायनोच्या शाफ्टवरचा गिअर टेपरवर (निमुळत्या टोकावर) घट्ट बसलाय, तो काढायला पुलरच लागतो की हातोडीने काम होतं? आणि टायमिंग परत लावताना पॉइंट नेमके कधी उघडले हे तुम्ही सिगरेटच्या कागदाने बघता की बल्ब लावून?