बर्फ विरघळला की वितळला?

वाशीकर: मुलगी सातवीत आहे. वहीत तिने 'बर्फ विरघळला' लिहिलं, बाईंनी खाली लाल रेघ ओढली. घरी तर आम्ही सर्रास तसंच म्हणतो. चुकतं का? आणि तिला 'द्रवणांक' आणि 'द्रावण' एकच वाटतात.

कळवेकर: बाईंचं बरोबर आहे. विरघळायला कुणीतरी दुसरं लागतं. साखर पाण्यात विरघळते. वितळायला नुसती उष्णता पुरते. मीठच घ्या. गार पाण्यात चमचा फिरवला की दिसेनासं होतं, पण तेच नुसतं वितळवायचं तर 801 अंश सेल्सिअसपर्यंत तापवावं लागेल! बर्फ 0 अंशाला वितळतो. सरबतात टाकला की वितळलेलं पाणी लगेच त्यात मिसळून जातं, म्हणून विरघळल्यासारखा दिसतो. मुलीची गफलत तिथूनच आली असणार.

'द्रवणांक' आणि 'द्रावण' ही सख्खी भावंडं. दोन्हींच्या मुळाशी संस्कृत 'द्रु' धातू, म्हणजे धावणे, वाहणे. स्थायू ज्या तापमानाला वाहता होतो तो द्रवणांक. द्रावण हे मिश्रण: साखर द्राव्य, पाणी द्रावक. काही जण द्रवणांकालाच 'विलयबिंदू' म्हणतात. मला तो शब्द पटत नाही, कारण विलीन होणे म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मिसळणंच येतं.

वाशीकर: मग पावसाळ्यात मीठ पाघळतं ते कशात धरायचं?

कळवेकर: विरघळण्यात! आपल्या खाडीकाठच्या दमट हवेतलं पाणी मीठ ओढून घेतं आणि त्यातच विरघळतं. जुलैत बरणीच्या तळाशी साचतं ते हेच. शुद्ध मीठ साधारण 75 टक्के आर्द्रतेपर्यंत कोरडं राहतं; पण खडेमिठात थोडं मॅग्नेशियम क्लोराईड असतं, ते त्याच्या कितीतरी आधी ओलं होतं. आईस्क्रीमही पाघळतं, पण ते वितळून. मऊ पडून ओघळू लागलं की आपण 'पाघळलं' म्हणतो, कारण कुठलंही असो.

नौपाडेकर: 'थिजणे' राहिलं की! परवा पहाटे न्हाणीघरातली खोबरेलाची बाटली पाहिली. तळाशी पांढरे कण, वर पातळ तेल. दुसऱ्या दिवशी सगळं घट्ट. खोबरेल साधारण 24 अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे ठाण्यातली थंडीही त्याला पुरते. पाण्याला गोठायला एकच नेमका अंश असतो. तेल-तुपात अनेक प्रकारचे स्निग्ध घटक, आधी एक जमतो, मग दुसरा. घट्ट झालेलं तेल जड, म्हणून तळाला बसतं. बर्फ मात्र पाण्यावर तरंगतो. ही सावकाश जमण्याची रीत 'थिजणे'त नेमकी उतरली आहे. तूप थिजतं, नजरही थिजते. पाणी थिजलं असं मात्र मी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.