बोल्डरमधील पहिला हिवाळा: बर्फातील भटकंती आणि पर्यावरणाच्या नोंदी, सल्ला हवा आहे

नमस्कार. ऑगस्टपासून मी कोलोराडो राज्यातील बोल्डर येथे पर्यावरण अभ्यास या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. पुण्यात असताना सहा-सात वर्षे सह्याद्रीत नियमित भटकलो, नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड दोनदा चढलो. परंतु बर्फावर आजवर पाऊल ठेवलेले नाही. डिसेंबर ते मार्च शनिवार-रविवार मोकळे आहेत, गाडी नाही आणि विद्यावेतनात सर्व भागवायचे आहे. आधी स्की शिकावे की स्नोशू (बर्फात पाय रुतू नये म्हणून बुटांखाली बांधायचे रुंद तळवे) घालून चालण्यापासून सुरुवात करावी? शिवाय डोंगरात केवळ खेळापुरते न जाता तिथल्या हवामानाच्या किंवा प्राण्या-पक्ष्यांच्या अभ्यासाला हातभार लागेल असे काही करता येईल का? या भागात राहिलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

मी इथे नऊ हिवाळे काढले आहेत. पहिला महिना स्नोशूला द्या, कारण त्याला शिकवणी लागत नाही आणि ते विद्यापीठाच्या क्रीडा केंद्रातून भाड्याने मिळतात. त्यानंतर स्की शिकायचे असेल तर एल्डोरा हे स्की केंद्र सोयीचे आहे. हंगामात बोल्डरहून नेदरलँड या गावामार्गे तिथपर्यंत आरटीडी या सार्वजनिक वाहतूक सेवेची बस जाते. उतारावरच्या स्कीपेक्षा तिथल्या सपाटीवरच्या नॉर्डिक मार्गांचे तिकीट बरेच स्वस्त असते आणि सह्याद्रीत कमावलेला दमही तिथे कामी येतो. कोणाची गाडी मिळाली तर ब्रेनार्ड तलावाकडे अवश्य जा. हिवाळ्यात रस्ता फाटकापाशी बंद होतो, पुढे चालावे लागते आणि तलावाकाठी वारा इतका असतो की उभे राहणे कठीण होते. स्कीसाठी राखलेल्या वाटांवर मात्र स्नोशू घालून चालू नका, त्याने त्यांच्या चाकोऱ्या मोडतात.

आता ज्या गोष्टीसाठी हा प्रतिसाद लिहायला बसलो ती सांगतो. सह्याद्रीने आपल्याला लावलेल्या दोन सवयी इथे घातक ठरतात. आपल्याकडे घळ म्हणजे वर जाण्याची वाट आणि मळलेली वाट म्हणजे खात्रीची वाट. इथे हिमस्खलन अनेकदा घळीतून खाली येते, आणि काल दहा माणसे ज्या उतारावरून गेली तो आज अकराव्याला घेऊन खाली येऊ शकतो. कोलोराडोतील बर्फ विशेष दगाबाज आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पडलेला थर पातळ असतो. त्याचा तळ जमिनीच्या उबेमुळे शून्य अंशाच्या आसपास राहतो आणि वरची हवा मात्र उणे पंधरा-वीसपर्यंत उतरते. या फरकामुळे थरातील वाफ खालून वर सरकत राहते आणि तळाच्या कणांना पैलू पडून ते एकमेकांपासून सुटे होतात. नंतरचा सगळा जड बर्फ या सुट्या कणांवर उभा असतो.

दुसऱ्या हिवाळ्यात एका सौम्य उताराच्या पायथ्याशी माझ्या पायाखाली धप्प असा दबका आवाज झाला, सारा थर दोन बोटे खाली बसला आणि एक चीर माझ्या पुढे वीसेक हात धावत गेली. उतार आणखी उभा असता तर हे लिहायला मी उरलो नसतो. त्या दिवशीचा हिमस्खलनाचा अंदाज मी वाचलेला नव्हता. पुढे प्रशिक्षणात फावड्याने खड्डा खणून तळाचा बर्फ मुठीत घेतला, तेव्हा तो दाबूनही एकत्र येईना. खडीसाखरेच्या चुऱ्यासारखा बोटांमधून ओघळून गेला.

म्हणून कोलोराडो अ‍ॅव्हलांच इन्फर्मेशन सेंटरचा त्या दिवशीचा अंदाज वाचल्याशिवाय घराबाहेर पडू नका. धोक्याच्या पाच पायऱ्यांपैकी तिसरी पायरी मधली म्हणून बेतास बात वाटते, आणि तिथेच माणसे फार फसतात. तीस ते पंचेचाळीस अंशांचे उतार टाळा, त्यांच्या थेट खालूनही जाऊ नका. त्यापलीकडे जायचे असेल तर बीकन (बर्फाखाली गाडलेल्याचा शोध घेणारे संदेशयंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडे हे तिन्ही हवेत, ते वापरता येणारा सोबती हवा, आणि त्याआधी हिमस्खलनाविषयीचे पहिल्या पातळीचे प्रशिक्षण हवे. पैसे वाचवायचे असतील तर स्कीच्या कपड्यांत वाचवा, या प्रशिक्षणात नको.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी पूर्ण सहमत. मी नोंदींविषयी लिहिते. कोकोराझ या पाऊस-बर्फ मोजणाऱ्या स्वयंसेवकांच्या जाळ्यात सामील व्हा. जुलै 1997 मध्ये फोर्ट कॉलिन्सला एका रात्रीत प्रचंड पाऊस होऊन पूर आला. शहराच्या एका भागात पाणीच पाणी आणि दुसऱ्या भागात पाऊस बराच कमी, असा प्रकार होता. त्यानंतर 1998 मध्ये तिथल्या विद्यापीठातून हे काम सुरू झाले. चार इंच व्यासाचे पर्जन्यमापक आणि एक पांढरी फळी एवढ्या साहित्यावर रोज सकाळी बर्फाची जाडी मोजायची, मग मापकातला बर्फ मोजून घेतलेले कोमट पाणी घालून वितळवायचा, ते पाणी वजा करायचे आणि उरलेला आकडा कळवायचा. इथला भुसभुशीत बर्फ फूटभर पडूनही पाणी कधीकधी जेमतेम इंचभर निघते, आणि खाली नद्यांना मिळणार असते ते हे पाणी.

काही पडले नाही तर शून्यही कळवायचे असते. ते कंटाळवाणे वाटेल, पण 30 डिसेंबर 2021 रोजी बोल्डरलगत लुइसव्हिल आणि सुपीरियर येथे वणव्यात हजाराहून अधिक घरे जळाली, तेव्हा भर हिवाळ्यात गवत कोरडे ठणठणीत होते, कारण त्याआधीचे कित्येक आठवडे जवळजवळ शून्याचेच होते. दुसऱ्या दिवशी बर्फ पडला.

पक्ष्यांची आवड असेल तर ग्वानेला खिंडीत टार्मिगन हा उंच डोंगरांत राहणारा तितरासारखा पक्षी पाहायला जा. हिवाळ्यात तो संपूर्ण पांढरा होतो. काळा डोळा आणि काळी चोच तेवढी दिसते. तो विलो या झुडपाच्या कळ्यांवर दिवस काढतो आणि बर्फात खड्डा करून झोपतो. फोटोसाठी जवळ जाऊन त्याला उडवू नका, एकेका उड्डाणाला त्याची जपून ठेवलेली ताकद खर्ची पडते.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. घळीविषयी वाचून खरोखर थांबलो, कारण मी नकाशावर नेमक्या घळीच शोधत होतो. प्रशिक्षणासाठी जानेवारीची तारीख पाहतो. एक शंका आहे: मी तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो, मापक गॅलरीत लावले तर चालेल का?

प्रतिसाद २

नाही, भिंतीमुळे आणि छपरामुळे आकडा चुकतो. मापक इमारती-झाडांपासून दूर, मोकळ्यावर हवे. ज्यांच्या घराला मागे अंगण आहे अशा प्राध्यापकांना किंवा ओळखीच्या कुटुंबाला विचारा. मी पहिली दोन वर्षे शेजारच्या आजींच्या अंगणात मापत होते.