मुलाने आजीची शुगरची गोळी खाल्ली असावी, काय करू?

छकुल्याची_आई:
मुलगा दोन वर्षांचा आहे. सासूबाईंच्या उशाशी असलेली ग्लिमेपिराइडची स्ट्रिप आत्ता पलंगाखाली चावलेली सापडली. दोन गोळ्या कमी आहेत. एक अर्धवट विरघळलेली फरशीला चिकटलीय. अर्धा तास झाला असेल. तो अगदी मजेत खेळतोय. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू का?

सुमेधा:
खेळतोय ना? मग घाबरू नका, थोडा वेळ बघा. मीठ-पाणी द्यायला हरकत नाही.

बालवॉर्ड_सिस्टर:
नाही, सुमेधाताई! मीठ-पाण्याने रक्तातलं सोडियम वाढून मुलं दगावली आहेत. बोट घालूनही उलटी काढायची नाही.

छकुल्याची आई, वाट बघू नका, आत्ताच दवाखान्यात निघा. लहान मुलांच्या इमर्जन्सीत मी रोज हेच बघते: मूल हसत-खेळत येतं आणि घरच्यांना वाटतं, उगाच आणलं. ही गोळी शरीराला जास्त इन्सुलिन सोडायला लावते, त्यामुळे रक्तातली साखर घसरते. ती लगेच घसरेल असं नाही. कधी कधी कित्येक तासांनी, मूल गाढ झोपलेलं असताना घसरते. एवढ्या लहान जिवाला एक गोळीसुद्धा पुरते. तिथे बोट टोचून साखर पुन्हा पुन्हा बघतील, २४ तास ठेवूनही घेतील. ठेवू द्या.

स्ट्रिप आणि ती उरलेली गोळी सोबत न्या. नुसतं "पांढरी गोळी होती" म्हटलं की आमचा मोलाचा वेळ शोधण्यात जातो. वाटेत तो पेंगायला लागला, घामेजला किंवा थरथरला, तर दारातच ओरडून सांगा, शुगरची गोळी खाल्लीय म्हणून. सुस्त असेल तर तोंडात काहीही घालू नका.

छकुल्याची_आई:
निघालो.

छकुल्याची_आई:
ताई, रात्री झोपेत साखर ४८ वर आली. लगेच शिरेतून ग्लुकोज दिलं, आता ठीक आहे. सासूबाईंचं रडणं थांबत नाहीये.

बालवॉर्ड_सिस्टर:
बरं झालं वेळेत नेलंत. सासूबाईंना कुणी बोलू नका. त्यांच्या बाकीच्या गोळ्याही बघून घ्या. ब्लड प्रेशरच्या काही गोळ्या आणि लोहाच्या गोळ्या या वयात तेवढ्याच घातक असतात. सगळ्या उंचावर, कुलपात. उशाखाली, पर्समध्ये नको. दाबून फिरवायच्या झाकणावरही भरवसा नको, ते मुलाला थोडा वेळच अडवतं.