जुन्या निगेटिव्ह : फ्लॅटबेड स्कॅनर घ्यावा की कॅमेऱ्यानंच टिपावं?

पोफळी :
गोव्यातल्या फोंड्याच्या घरातून वडिलांची ट्रंक आणली. आग्फा क्लिक कॅमेऱ्यावर काढलेल्या 120 च्या (रुंद रोल फिल्मच्या) कृष्णधवल निगेटिव्ह, 35 मिमीच्या रंगीत पट्ट्या आणि पुठ्ठ्याच्या चौकटीतल्या शंभरेक स्लाइड. 1986 च्या जुलैत मांडवीवरचा पूल कोसळला, त्यानंतर फेरीला लागलेल्या रांगाही त्यात आहेत. काहींवर बुरशीची जाळी धरलीय. एप्सन व्ही600 हा फ्लॅटबेड स्कॅनर घ्यायचं जवळजवळ ठरवलंय. एकच यंत्र, सगळे आकार. कोणाची हरकत?

सुशेगाद :
माझी आहे. खोक्यावर 6400 डीपीआय (इंचामागे ठिपके) छापलंय, पण खरा तपशील 1600 च्या आसपासच मिळतो. 35 मिमीची चौकट 36 × 24 मिमी, म्हणजे हाती येतात जेमतेम साडेतीन मेगापिक्सेल. त्या रांगेतल्या माणसांचे चेहरे ओळखायचेत ना? मग अगदी जवळून टिपणारी मॅक्रो लेन्स, खाली एलईडी पॅनल, आणि वरून कॅमेरा. 24 मेगापिक्सेलवर तीच चौकट 6000 पिक्सेल रुंद येते, शिवाय एका फोटोला दोन सेकंद पुरतात.

चवथ :
दोन सेकंद क्लिकचे. कॅमेरा आणि फिल्म समांतर करण्यात गेलेला रविवार कोण मोजणार? एक कोपरा फोकसमध्ये, दुसरा धूसर. आणि रंगीत निगेटिव्हचा नारिंगी थर काढताना माझ्या मावशीचं लग्न हिरवं झालं. स्कॅनर हे काम मुकाट्यानं करतो. शिवाय 120 ची 6 × 6 सेंमी म्हणवणारी चौकट प्रत्यक्षात 56 मिमीची, त्याच 1600 डीपीआयवर बारा मेगापिक्सेल. पोफळी, तुमच्याकडे 120 जास्त असेल तर व्ही600 अजिबात वाईट नाही. सुशेगादबाब ही बाजू सोयीस्कर विसरले.

सुशेगाद :
विसरलो नाही, टाळली. :)

खाजन :
दोघांनाही बाजूला ठेवून, फक्त 35 मिमीसाठी बनलेला प्लस्टेक 8200आय स्कॅनर घ्या. फ्लॅटबेडपेक्षा दुप्पट तपशील. आणि इन्फ्रारेडनं धूळ-बुरशी ओळखून आपोआप पुसली जाते, आपल्या हवेत त्याहून मोठी सोय कुठली?

चवथ :
त्यात 120 जातच नाही. म्हणजे आग्फा क्लिक परत ट्रंकेत. आणि ती पुसापुशी व्ही600 मध्येही आहे, पण कृष्णधवल फिल्मवर ती चालत नाही. तिथली चांदी इन्फ्रारेड अडवते, यंत्राला चित्रच धूळ वाटतं. कोडाक्रोम स्लाइडवरही भरवसा नाही. आधी चौकटीवरचं नाव वाचा, मग यंत्र विकत घ्या.

खाजन :
हे मात्र मान्य. मी फक्त रंगीत रोल केले होते.

आंबोळी :
एवढं भांडून शेवटी व्हॉट्सॲपवरच टाकणार ना? माझ्या सासऱ्यांनी मोबाइल आणि खिडकीच्या काचेवर काम भागवलं.

सुशेगाद :
खिडकीतून बाहेरची पोफळही येते फोटोत. निदान मधे दुधी ॲक्रिलिक धरा.

चवथ :
यंत्राचं नंतर बघू, बुरशीचं आधी. पोफळी, पाण्यानं धुऊ नका, ही चूक मी केली आहे. बुरशी फिल्मवरचं चित्र धरून ठेवणारं जिलेटिन खाते तेव्हा ते पाण्यात विरघळू लागतं, आणि माझ्या आत्येच्या चेहऱ्याचा अर्धा भाग बोटावर आला. ब्लोअरनं धूळ उडवा. बुरशी पुसायची तर 99 टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, तेही कोपऱ्यावर तपासून. नंतर हवाबंद डब्यात सिलिका जेल. जून ते सप्टेंबर ट्रंक अजिबात उघडू नये, निदान एसी नसलेल्या खोलीत.

खाजन :
डब्याला व्हिनेगरसारखा वास येतोय का, तेही बघा. तो येत असेल तर फिल्मचा ॲसिटेट पाया कुजतोय. एकदा सुरू झालं की थांबत नाही, आणि शेजारच्या फिल्मलाही लागतं. त्या निगेटिव्ह वेगळ्या ठेवा आणि पहिल्यांदा टिपा, कशानंही.

पोफळी :
आत्ताच वास घेऊन आलो. स्लाइडचे डबे बरे आहेत, पण 120 च्या दोन पाकिटांना आंबट वास येतोय. म्हणजे स्कॅनरची वाट बघत बसायला नको. भाच्याकडे मॅक्रो लेन्स आहे, शनिवारी बोलावतो. पाकिटं सध्या गच्चीवरच्या खोलीत, बाकीच्यांपासून लांब ठेवलीत. व्ही600 रद्द केलेला नाही हं, चवथताई. सुशेगादबाब, त्या कॅमेरा-समांतर प्रकरणासाठी स्पिरिट लेव्हल चालेल की आरसा ठेवायचा?

सुशेगाद :
आरसा, फिल्मच्या जागी. लेन्स आरशात बरोबर मधोमध दिसली की झालं.