मदत हवी आहे: रताळ्याचं मॅश मऊसूत होत नाही

येत्या रविवारी ८ जण जेवायला आहेत. भाजलेल्या चिकनसोबत रताळ्याचं मलईदार मॅश करायचंय. दोनदा करून पाहिलं, दोन्ही वेळा फसलं.

पहिल्यांदा १ किलो रताळी (लाल सालीची, आतून पांढरी) सोलून, फोडी करून पाण्यात उकडली. पाणी नीट निथळूनही मॅश पचपचीत आणि बेचव, सगळा गोडवा पाण्यात गेला. दुसऱ्यांदा अख्खी रताळी सालासकट कुकरच्या डब्यात, डब्यात पाणी न घालता उकडली. चव फार सुंदर आली! पण कुस्करल्यावर कोरडं वाटलं म्हणून गरम दूध घालून मिक्सरला फिरवलं आणि त्याची अक्षरशः खळ झाली. मिक्सर पुन्हा नाही. धागेही राहिलेच.

लोणी ५० ग्रॅम, दूध अर्धी वाटी, मीठ आणि मिरपूड, एवढंच घातलं होतं. साखर-गूळ नकोय. आमच्या भाजीवाल्याकडे केशरी रताळी येत नाहीत, त्यामुळे पांढऱ्यांवरच भागवायचंय. घरी ओव्हन आहे, पुरणयंत्रही आहे.

रताळी सालासकट ओव्हनमध्ये भाजून गरम असतानाच पुरणयंत्रातून काढली तर धागे जाळीवर अडकतील का, की आधी हाताने काढावे लागतील? आणि मॅश दुपारी करून रात्री गरम करून वाढायचंय, तोवर घट्ट होऊ नये म्हणून १ किलोला दूध घालू की फ्रेश क्रीम, आणि साधारण किती?